मेटल बँडसाठी छोटा हेड घेताय? आधी कॅबचं झाकण उघडा

मानेवाड्याच्या एका गिटारवाल्याचा प्रश्न आहे. चौघांचा मेटल बँड, गिटार एकच, ट्यूनिंग ड्रॉप सी (तारा खाली उतरवलेल्या, सगळ्यात जाडी तार सी सुरावर), ड्रमर हात राखून वाजवत नाही. सराव गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत. तिथं कुणीतरी सोडून गेलेला दोन बारा-इंची स्पीकरचा कॅब, म्हणजे नुसती स्पीकरची पेटी, पडून आहे, मागचं लेबल उडालेलं. ॲक्टिव्हावर पाठीच्या बॅगेत मावेल असा हेड, म्हणजे स्पीकर नसलेला वेगळा ॲम्प, हवा. किलोभर वजनाचा २० वॉटवाला घ्यावा, की पुण्याचा एक जण १५ वॉटचा वापरलेला ट्यूब हेड (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) देऊन राहिलाय तो घ्यावा?

भाऊ, दोन्ही थोडे दिवस राहू दे आणि आधी तो बेवारस कॅब उघड. तुझ्याकडे दहा रुपये असतील तर सहा कॅब-स्पीकरवर जाऊ दे, चार हेडवर. बहुतेक पोरं उलटं करतात. हेडला दिवे असतात, नॉब असतात, फोटो चांगला येतो. कॅब म्हणजे नुसती काळी पेटी. मी वीसेक वर्षं नागपुरात वाजवतोय, त्यातली बारा-तेरा सदरच्या एका खोलीत लोकांचे ॲम्प उघडून बसलोय. ‘भाऊ, हेडमध्ये दम नाही’ म्हणून जे हेड माझ्या टेबलावर आले, त्यातल्या निम्म्यांत काहीच बिघडलेलं नव्हतं. दम स्पीकरमध्ये नव्हता.

वॉटांचं गणित एकदा नीट समजून घे, म्हणजे दुकानदार काहीही बोलला तरी फरक पडणार नाही. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो. ३ डेसिबल म्हणजे ‘हौ, जरासा वाढला’ इतकंच. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे २० घेऊ की ४० यावर रात्रभर भांडण्यात अर्थ नाही. २० आणि २०० यांत मात्र फरक आहे.

आता स्पीकरकडे ये. प्रत्येक स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलतेचा आकडा असतो : १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियन व्हिंटेज ३० चा तो १०० आहे, त्याच कंपनीच्या जी१२टी-७५ चा ९७. स्वस्त कॉम्बोमधून (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) काढलेले ९४ च्या आसपासचे स्पीकर मी पुष्कळ पाहिलेत. १०० आणि ९४ यांत ६ डेसिबल, म्हणजे चौपट वॉट. व्हिंटेज ३० वर लावलेला २० वॉटचा डबा आणि त्या ९४ वाल्यावर लावलेला ८० वॉटचा हेड सारखेच ओरडतील. हे कळायला मला स्वतःला सहा वर्षं आणि दोन हेड लागले.

म्हणून कॅबचं मागचं झाकण काढ. मॅग्नेटवर शिक्का असेल तर फोटो काढून ठेव. नसेल तर तारा सोडवून प्रत्येक स्पीकरवर मल्टिमीटर लाव. मल्टिमीटर दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स, आणि तो नावाच्या ओहमपेक्षा कमीच येतो : ६ ते ७ दिसलं तर स्पीकर ८ ओहमचा, ११ ते १४ दिसलं तर १६ चा, ३ ते साडेतीन दिसलं तर ४ चा. मग स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा कागदी पडदा, बोटांनी चारी बाजूंनी सारखा दाबून बघ. खरखर आली तर कॉइल घासतेय, तो स्पीकर गेला समज.

त्यानंतर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घे आणि कॅबच्या सॉकेटला क्षणभर टेकव. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक पुढं आणि एक मागं गेला तर कुणीतरी तारा उलट्या जोडल्यात, आणि दोघं एकमेकांचा बेस खाऊन टाकतायत. असा कॅब खोलीत वाजतो, फक्त पोट नसल्यासारखा वाजतो, आणि लोक त्याच्यासाठी नवा हेड शोधत फिरतात. हिंगणा रोडच्या एका बँडनं अशा कॅबवर दोन वर्षं काढली होती. दुरुस्ती किती? दोन तारांची अदलाबदल.

ओहमची बेरीजही इथंच करून घे. १६ चे दोन समांतर जोडले की ८ होतात. ८ चे दोन समांतर जोडले की ४, एकामागे एक जोडले की १६. सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या, हेडच्या मागं ‘किमान ८ ओहम’ लिहिलं असेल तर १६ चालतात, फक्त वॉट जवळपास निम्मे होतात. ४ चालत नाहीत, गरम होऊन बंद पडतो किंवा कायमचा जातो. छोट्या हेडला पोसायला मला दोन १६ ओहमवाले समांतर, म्हणजे ८ ओहमचा कॅब सगळ्यात सोयीचा वाटतो. स्पीकर मागवताना पोरं हमखास ८ चे दोन मागवून बसतात आणि मग ४ की १६ या पेचात सापडतात.

स्पीकर खराब निघाले आणि पेटी ठीक असली तर फक्त स्पीकर बदल. पेटीही गेलेली असेल तर लकडगंजातून १८ मिमीचा चांगला प्लाय घे आणि ओळखीच्या सुताराकडून करून घे. एमडीएफ नको. जड होतो, आणि जुलैत छोट्या हत्तीमधून नेताना एकदा भिजला की कडा फुगतात. पाठ पूर्ण बंद ठेव. उघड्या पाठीचा कॅब ब्लूजला गोड लागतो, पण तुझ्या ‘चग’ला, म्हणजे तळहातानं दाबून मारलेल्या जाड तारांच्या ठोक्याला, जो छातीवर ठोसा पाहिजे तो बंद पेटीतल्या हवेतून येतो. सुताराला सांग, खिळे नको, स्क्रू आणि फेव्हिकॉल. मागची फळी दर चार-पाच इंचांवर कसलेली हवी, नाहीतर तीच गुणगुणायला लागते. कॅब रोज हलवायचा नाहीच. तो खोलीत राहील, हेड तुझ्या पाठीवर.

आता हेड. किलोभराच्या आतले हेड लोकप्रिय केले ते ऑरेंजच्या मायक्रो टेररनं : पुढं प्रीॲम्पमध्ये (आवाज घडवणाऱ्या भागात) एक १२एएक्स७ ट्यूब, मागं २० वॉटचा सॉलिड स्टेट पॉवर ॲम्प (स्पीकर हलवणारा भाग). पुढं मायक्रो डार्क आला. त्यात गेन (आवाज फाडायची ताकद) जास्त, शेप नावाचा मिड, म्हणजे मधली पट्टी, कमी-जास्त करणारा नॉब, इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधे पेडल जोडायची जागा), आणि कॅबचा आवाज नकली करून देणारा हेडफोन आउट. पीव्हीच्या ६५०५ पिरान्हाची बांधणीही याच जातीची, एक ट्यूब आणि २० वॉट. जोयोच्या बँटँप मालिकेतला झॉम्बी त्याच घरातला, ओढा मेसाच्या रेक्टिफायर ॲम्पच्या आवाजाकडे. हे सगळे मी वाजवलेत. तुझ्या संगीतासाठी यांतला मायक्रो डार्क किंवा झॉम्बी. मायक्रो टेररला लूप नाही, म्हणून तो वगळतो. पुढं एक ट्यूब चमकते म्हणून याला ट्यूब ॲम्प म्हणायचं असेल तर म्हण बापा, पण ड्रमरशी झुंजायचं काम मागचे ट्रान्झिस्टर करतात.

आणि ते किती झुंजतील हे ओळखायची माझी एक सोपी रीत आहे : ॲडॅप्टर वाच. व्होल्ट गुणिले ॲम्पियर केलं की डब्यात किती वीज शिरतेय ते कळतं. बाहेर सतत त्याहून जास्त निघू शकत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो. दुसरी गोष्ट, १५ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालणारा डबा, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर, ८ ओहमच्या स्पीकरमध्ये स्वच्छ असे जास्तीत जास्त १४ वॉट टाकू शकतो. पंधराचा वर्ग भागिले सोळा, शाळेतलं गणित आहे. त्याच्या वरचे वॉट आवाज कापून मिळतात. ब्लूजवाल्याला ते चालतं. तुला चालत नाही, कारण जाड डिस्टॉर्शन पेडलनं आधीच सपाट झालेल्या आवाजाला पॉवर ॲम्पनं परत कापलं की रिफमधली धार जाते आणि नुसती भुसभुशीत भरड उरते.

बेसचा मुद्दा याहून मोठा आहे. ड्रॉप सी मधली तुझी जाडी तार ६५ हर्ट्झच्या जरा वर कंप पावते. व्हिंटेज ३० कागदावर ७० हर्ट्झपासून चालू होतो. म्हणजे ती मूळ नोट तुझा कॅब धड देतच नाही. आपण ऐकतो ती तिच्या वरची, १३१ हर्ट्झपासूनची हार्मोनिक्स. तरी पोरं बेसचा नॉब पाचच्या पुढं नेतात. त्यात होतं काय, तर छोट्या हेडचे मोजके वॉट स्पीकरला जे नीट देता येत नाही तेच देण्यात खर्ची पडतात, आणि वर तुमचा बेसिस्ट त्याच जागेत चिखल तुडवत असतो. तिथली जमीन त्याच्या नावावर करून टाक. नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरून बेस १० वाजता, मिड बारा-एक वाजता, प्रेझेन्स (वरची धार) कानाला विचारून. घरी एकट्यानं ऐकलं तर आवाज पत्र्यासारखा लागेल. ड्रम सुरू झाले की बरोबर बसेल. एकट्यानं ऐकताना राजासारखा वाटणारा, मिड खाली खेचलेला आवाज बँडमध्ये पहिल्या क्रॅशला बेपत्ता होतो. व्हिंटेज ३० ला २ ते ३ किलोहर्ट्झच्या दरम्यान एक उठाव आहे, काहींना तो बोचतो. टिनाच्या खोलीत मलाही बोचतो, पण झांजांच्या गर्दीतून गिटार बाहेर काढतो तोच.

हेडच्या आधी एक ट्यूब स्क्रीमर जातीचं हिरवं पेडल लाव : ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. ते खालचा बेस कापतं आणि ७०० हर्ट्झच्या आसपास मिड उचलतं, त्यामुळे हेडचा गेन कमी ठेवूनही आवाज घट्ट होतो. गेन जितका कमी ठेवशील तितका तू मोठा ऐकू येशील, हे पटायला वेळ लागतो. नॉइज गेटची (वाजवणं थांबलं की गुरगुर बंद करणाऱ्या पेडलची) जागा मात्र लूपमध्ये, प्रीॲम्पच्या नंतर.

मग २० वॉटचा डबा पुरेल का? चांगल्या कॅबवर, मिड वर ठेवून, ड्रमर माणसात असेल तर पुरतो, फक्त काठावर. काठावर म्हणजे व्हॉल्यूम नेहमी दोन-तीन वाजता, वर काही शिल्लक नाही. तुझा ड्रमर तसा नाही असं तू स्वतःच लिहितोस. म्हणून तुझ्या जागी मी असतो तर एक हेड न घेता दोन तुकडे घेतले असते : मनाजोगतं प्रीॲम्प पेडल, आणि त्याच्यामागं १०० ते २०० वॉटांचा पेडलच्या आकाराचा क्लास डी (ट्रान्झिस्टर वेगानं चालू-बंद करणारा, कमी तापणारा) पॉवर ॲम्प. सेमूर डंकनचा पॉवरस्टेज १७० हे याचं ओळखीचं उदाहरण. त्यातले १७० वॉट ४ ओहमवरचे आहेत, ८ ओहमच्या कॅबवर साधारण निम्मे धर. ते निम्मेसुद्धा २० वॉटपेक्षा ६ डेसिबलनं पुढं जातात आणि स्वच्छ असतात, आणि ६०-६० वॉटच्या दोन स्पीकरना जाळतही नाहीत. दोन्ही तुकडे बॅगेत मावतात. एक बिघडला तर दुसरा तरी हातात राहतो. प्रीॲम्पचा कंटाळा आला तर तेवढाच बदलता येतो. याला हेड म्हणायचं का, यावर वाद घालणारे भेटतील. स्टेजवर ते तुझ्यामागच्या कॅबवर ठेवलं की हेडच.

‘पण सॉलिड स्टेटवर मेटल?’ हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. पँटेराच्या डाइमबॅग डॅरेलनं नाव कमावलं ते रँडलच्या सॉलिड स्टेट हेडवर. मेटलमधल्या कोरड्या, सुरी फिरवल्यासारख्या पाम म्यूटला, म्हणजे त्याच तळहातानं दाबलेल्या ठोक्याला, तो ताठरपणा उलट कामी येतो.

तरीही ट्यूबवाले सांगतात ते सगळं थाप नाही. १५ वॉटचा ट्यूब हेड २० वॉटच्या सॉलिड स्टेटपेक्षा मोठा वाटतो हे मीही शंभरदा ऐकलंय, आणि त्याची कारणं आहेत. ट्यूब तिच्या छापील आकड्याच्या पुढं गेली तरी हळूहळू दबते, एकदम कापत नाही, म्हणून ते जास्तीचे वॉटही वापरता येतात. शिवाय ट्यूब पॉवर ॲम्पची पकड स्पीकरवर ढिली असते. स्पीकर त्याच्या नैसर्गिक कंपनाच्या जागी, म्हणजे ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, स्वतःच फुगतो आणि वरच्या पट्टीतही चढतो. कानाला ते ‘भरलेलं’ वाटतं. सॉलिड स्टेट ॲम्प स्पीकरला घट्ट धरून ठेवतो, म्हणून त्याच वॉटला चपटा लागतो. चांगल्या क्लास डी पॉवर ॲम्पवर प्रेझेन्स आणि बेस थोडा उचलला की हा फरक बराचसा भरून निघतो. सगळा नाही भरत. पण पाच-दहा किलोंचा काचेचा संसार ॲक्टिव्हाच्या पायात ठेवून मानेवाडा ते बर्डी प्रत्येक स्पीडब्रेकरवर जीव मुठीत धरायचा, तर फरक तेवढा मोठा आहे का, हे तुझं तू ठरव.

आता सरावाच्या खोलीबद्दल, कारण टिन ऐकून मी दचकलोच. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर, पत्र्याखाली त्याहून जास्त. क्लास डी ॲम्प स्वतः कमी तापतो, पण भोवतीची हवाच तापलेली असेल तर आतली सुरक्षा त्याला मधेच बंद करते. थंड झाला की बहुतेक वेळा आपोआप सुरू होतो. घाबरून उघडू नको. हेड कॅबवर उशीसारख्या कापडावर ठेवू नको, खाली हवा जायला जागा ठेव. आणि कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको. आपल्या वाळ्याच्या ओल्या वाऱ्यानं पॉट (नॉबखालचे भाग) आणि जॅक दोन उन्हाळ्यांत हिरवे पडतात, माझ्या टेबलावरचा मे-जूनचा निम्मा धंदा तोच असतो. कूलर ज्या लाइनवर आहे तिच्यावर ॲम्प लावलास तर हमखास गुरगुर येईल. रेग्युलेटर फिरवून बघ, गुरगुरीचा सूर बदलला की चोर तोच. दुसऱ्या प्लगवर जा. गिटारचे पिकअप सिंगल कॉइल असतील तर तोंड फिरवून बसलास तरी फरक पडतो.

त्या खोलीत ड्रम आणि गिटार मिळून १०० डेसिबल सहज ओलांडता. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा, नायॉशचा हिशेब आहे : ८५ डेसिबल आठ तास, त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला उरतात १५ मिनिटं. इअरप्लग घे, चौघांनीही. माझ्या डाव्या कानात २०११ पासून एक बारीक शिट्टी वाजतेय, ती कोणत्याच नॉइज गेटनं बंद होत नाही. भिंतींना जुन्या गाद्या आणि सतरंज्या टांग, पत्र्याखाली जाड कापड ओढ. आवाज शेजारी जायचा थांबणार नाही, पण आतला झणझणाट कमी झाला की सगळेच आपापला नॉब थोडा खाली आणतात, आणि छोट्या हेडचा मोठा फायदा होतो.

विजेबद्दल हलकं घेऊ नकोस. कॉलेजच्या कार्यक्रमात किंवा मैदानावरच्या मंडपात वीज बहुतेक जनरेटरवर असते, आणि डेकोरेशनवाल्याच्या बोर्डात तिसऱ्या पिनच्या भोकात बऱ्याचदा तार जोडलेलीच नसते. मग तू गिटारच्या तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावतोस आणि सटका बसतो. स्टेजवर चढलो की मी आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारांना आणि दुसरं माइकच्या जाळीला लावतो. काही व्होल्ट दिसले तर साउंडवाल्याला बोलावतो, वाजवत नाही. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून गुरगुर घालवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नको.

आणि परदेशातून कुणी आणून देत असेल तर मागच्या बाजूचा व्होल्टेजचा आकडा स्वतः वाच. माझ्या मामेभावानं मोठ्या प्रेमानं आणलेला १२० व्होल्टचा हेड मी ‘सगळे ॲडॅप्टर आता कुठंही चालतात’ अशा तोऱ्यात सरळ २३० च्या भिंतीत लावला. फुस्स. वास तीन दिवस खोलीत होता. ॲडॅप्टरवाले डबे बहुतेक दोन्हीकडे चालतात, पण ज्याच्यात आत ट्रान्सफॉर्मर आहे तो चालेलच असं नाही. लेबलवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच सरळ लाव.

स्टेजवर तुझा हेड कुणासाठी वाजतो? प्रेक्षकांसाठी नाही. सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या हॉलमध्ये काय किंवा व्हीएनआयटीच्या ‘आरोही’सारख्या कॉलेज महोत्सवाच्या मैदानावर काय, लोकांपर्यंत तुला साउंड सिस्टिम पोचवते. हेड तुझ्यासाठी आणि ड्रमरसाठी असतो. म्हणून छोट्या हेडमध्ये कॅबचा आवाज नकली करून देणारा लाइन आउट असणं मला दहा वॉट जास्त असण्यापेक्षा मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या साउंडवाल्यांचा बहुतेक अनुभव गायन, ऑर्केस्ट्रा आणि लग्नांचा. कॅबसमोर माइक कुठं लावायचा यात वेळ घालवायला त्यांना मोकळीक नसते. तार हातात दे आणि सांग, ‘भाऊ, ही सपाट ठेवा, फक्त १०० हर्ट्झच्या खालचं कापा.’ कॅबचा आवाज न बनवता नुसता प्रीॲम्प सरळ मिक्सरमध्ये दिला तर मधमाश्यांचं पोळं फोडल्यासारखं ऐकू येतं.

पण स्पीकर आउटमधून मिक्सरला तार कधीच जोडू नको. बऱ्याच छोट्या क्लास डी डब्यांमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, एकही टोक जमिनीला नसतं. त्यातलं एक टोक मिक्सरच्या ग्राउंडला लागलं की आतली चिप जाते, आणि ती चिप बऱ्याचदा दुरुस्त करण्यासारखी नसते. हेड ते कॅब जाडी स्पीकर वायर वापर, गिटारची शिल्डेड तार नाही. दिसायला जॅक सारखाच असतो, म्हणूनच घोटाळा होतो.

राहिला पुण्याचा ट्यूब हेड. तू नाव लिहिलं नाहीस, पण या आकाराचे जे फिरतात त्यात ईएल८४ या छोट्या पॉवर ट्यूबवाले जास्त : ऑरेंजचा डार्क टेरर आणि ईव्हीएचचा ५१५० एलबीएक्स १५ वॉटचे, पीव्हीचा ६५०५ एमएच २० वॉटचा, मेसाचा मिनी रेक्टिफायर २५ चा. मार्शलच्या डीएसएल२० मध्ये मात्र ईएल३४ आहेत. तुझ्या आवाजाला ईव्हीएच किंवा पीव्ही लागेल, दोघांचं मूळ पीव्हीनं १९९२ मध्ये काढलेल्या ५१५० मध्येच आहे. त्यांतला एखादा निघाला आणि किंमत खरंच पटण्यासारखी असली, तरच पुण्याची बस धर.

जाताना स्वतःची गिटार आणि तार घेऊन जा, आणि तिथं कॅब आहे का हे आधी फोनवर विचार. ट्यूब हेड कॅब न लावता चालू करून दाखवणारा माणूस असेल तर तिथूनच परत फिर; लोडशिवाय चालवलं की आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो बदलायचा खर्च हेडच्या अर्ध्या किमतीवर जाऊ शकतो. चालू करून वीस मिनिटं तसाच ठेव, मग वाजव. थंड असताना सगळे हेड चांगले वाजतात. मास्टर व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन जाडी तार दाब आणि सोड : आवाज बसून परत उठत असेल तर पॉवर ट्यूब थकलेल्या असू शकतात, ते परवडतं. एखादी ट्यूब आतून जांभळी नव्हे तर लालभडक होत असेल तर लगेच बंद कर. काचेलगतचा निळा-जांभळा उजेड मात्र बिघाड नाही. पेन्सिलीच्या मागच्या रबरानं पुढच्या छोट्या ट्यूबांवर टिचकी मार, टणटण वाजली तर ट्यूब बदलावी लागेल. सगळे नॉब फिरव, खरखर आली तर सफाईनं जाते. जॅक हलवल्यावर आवाज जात असेल तर सोल्डर तुटलंय, ते मी करून देईन. आतून कधी उघडला होता, कुणी उघडला होता, हे विचार. तू स्वतः उघडू नको. बंद करून प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज बसलेली असू शकते.

आणि कॅबचं झाकण काढशील तेव्हा मॅग्नेटवरच्या शिक्क्याचा फोटो आणि मल्टिमीटरचे दोन आकडे पाठव. दोन्ही १६ चे निघाले तर नवे स्पीकर घ्यायची गरजच नाही कदाचित, फक्त पॉवर ॲम्पचं बघू.